दुपारी दोनचे ट्रे

नाशिकच्या गंगापूर रोडला तेव्हा घरं लवकर संपायची आणि मळे लागायचे. तिथे आम्ही भाड्याने राहत होतो. तीन खोल्यांपैकी मागची खोली माझ्या मशीनची होती. मशीन म्हणजे अंडी उबवायचं माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट. आत तापणाऱ्या तारा, एक पंखा आणि एकावर एक अंड्यांचे ट्रे. एकवीस दिवसांनी पिल्लं निघत, ती मी पोल्ट्रीवाल्यांना विकायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात हे काम करणारी बाई मी एकटीच असेन.

अंडी नुसती गरम ठेवून भागत नाही, ती फिरवावी लागतात. बाजूचा दांडा ओढला की सगळे ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलायचे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि झोपण्यापूर्वी दहा. फिरवण्यात हयगय झाली तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. माझा सगळा दिवस या पाच वेळांमध्ये कोंबलेला असायचा. स्वयंपाक, धुणं, मुलीची वेणी, तिचे पाढे, सगळं त्यांच्या मधल्या फटींत.

यजमान मनमाडला रेल्वेत होते. पहाटे जात, रात्री आठला येत. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, अकरा ते पाच. मंगळवारी मी पिल्लांची खोकी घेऊन नाशिक रोडला जायची, स्टेशनवरून ती खानदेशाकडे पाठवायची. शुक्रवारी अंडी आणायला खेड्यांवर जायची. त्या दोन दिवशी दोनचे ट्रे फिरवायचं काम मावशींकडे असे. मावशी आमच्याकडे भांडी-झाडू करायच्या. फिरवून झालं की त्या खोलीतल्या पाटीवर खडूने रेघ ओढायच्या. घरी आल्या आल्या मी आधी पाटी बघायची, मग चप्पल काढायची.

एकदा मला रेघ दिसली नाही. मावशींना फिरवायला अर्धा तास उशीर झाला होता आणि रेघ ओढायची राहून गेली होती. मी त्यांना इतकं बोलले की त्या पदराने डोळे पुसत गेल्या. मुलगी दारात उभी होती. त्यानंतर महिनाभर रेघ कधी चुकली नाही. मला वाटलं, बोलले ते बरंच झालं.

तो मंगळवार मार्चमधला. खोकी पाठवून मी बसने परतले. स्टॉप शाळेच्या समोरच होता. उतरले तेव्हा साडेतीन झाले असतील. फाटकाशी मुलीच्या वर्गाच्या बाई उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मुलीला बरं नाही का हो? आज मधल्या सुट्टीनंतर आलीच नाही."

"आली नाही म्हणजे?"

"एरवी उशिरा का होईना, परत येते. मंगळवारी आणि शुक्रवारी जाते ना, तेव्हा. घरी काम असतं, आईने बोलावलंय, असं सांगते. मी तुम्हाला विचारणारच होते."

मी बोलावलं नव्हतं. मला काही कळेना. मग एकदम कळलं, दोनचे ट्रे. त्याच वेळी माझं लक्ष समोरच्या पिठाच्या गिरणीकडे गेलं. गिरणी बंद होती, बाया डबे घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"लाइट गेलीय का?"

"दीड-पावणेदोनपासून नाही," बाई म्हणाल्या.

लाइट गेली की मी मशीनच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवायची, खोलीची ऊब जाऊ नये म्हणून. दार मात्र वीतभर उघडं ठेवायची. बंद खोलीत कोळशाच्या धुराने माणसं दगावल्याचं मी ऐकून होते. मुलीने मला शेगडी पेटवताना शंभर वेळा पाहिलं होतं. दार का उघडं ठेवायचं, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

मी पळत सुटले. लुगडं हातात धरून, भर रस्त्यातून. कोणीतरी सायकलवरून ओरडलं. वाटेत माझ्या डोक्यात जे चाललं होतं त्याची मला आजही लाज वाटते. मुलीचा विचार होताच, पण त्याच्या खालून दुसरा एक चालला होता, की लाइट जाऊन दोन तास होत आले, वरच्या ट्रेमधली अंडी अठराव्या दिवसाची आहेत.

पुढच्या दाराला कुलूप नव्हतं. मागच्या खोलीचं दार बंद होतं, आणि खालच्या फटीत माझी जुनी साडी गुंडाळून सारलेली होती. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. मी खांद्याने दार ढकललं. आतून उग्र, कोंदट वाफ अंगावर आली. शेगडी मधोमध धुमसत होती. मुलगी मशीनला टेकून बसली होती, गाल लालभडक, मान एका बाजूला. फ्रॉकवर ओकारी.

तिला काखेतून धरून मी ओढत अंगणात आणलं. तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी तिचे पाय चोळायला घेतले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिने डोळे उघडले, पुन्हा ओकली, मग रडक्या आवाजात म्हणाली, "आई, डोकं दुखतंय. मी दोनला फिरवलं."

काकूंनी बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "वेळेवर बाहेर काढलंत. मोकळ्या हवेत निजवा, रात्रभर लक्ष ठेवा." आणखी अर्धा तास गेला असता तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी मावशी आल्या. दारातच बसल्या, आत येईनात. "ताई, माझी सून बाळंत झाली ना, दुपारी तिला भाकर द्यायला जावं लागतं. तुमाला सांगायचं लय भ्या वाटायचं. पोरगी म्हणली, मावशी तुमी जा, मी येते शाळेतून, मी फिरवते. नाय म्हणायला पायजे होतं मी." त्यांना बोलायला मला तोंडच नव्हतं.

मशीनकडे त्या दिवशी कोणी गेलं नाही. सहाचे ट्रे तसेच राहिले. लाइट सात वाजता आली. त्या आठवड्याची निम्मीसुद्धा पिल्लं निघाली नाहीत. अख्ख्या खेपेची वाट बघत बसलेलं खानदेशातलं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

यजमान आठला आले. सगळं ऐकून घेतलं. मुलगी ओसरीवर झोपली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "बंद कर हे."

"मशीन बंद करणार नाही," मी म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार बंद करते."

"त्याने काय होणार?"

"धंदा अर्धा होईल. दारात येऊन नेतील त्यांनाच पिल्लं देईन. अंडी घरपोच आणणारा कोणी बघेन. दोनला मी घरात असेन."

पुढे आठ-नऊ वर्षं मशीन चाललं, तेवढंच, लहानच. नाशिक रोडच्या बाजूला दुसऱ्यांनी मोठी मशीनं आणली, ते पुढे गेले. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटायचं.

पुढच्या मंगळवारी मी दोनला स्वतः ट्रे फिरवले, रेघ ओढली. मग हातात काही उरलं नाही. इतक्या वर्षांत त्या वारी दुपारी मी घरी नसायचीच. काय करावं सुचेना, म्हणून चालत शाळेकडे गेले. मधली सुट्टी संपायची होती. मैदानात मुली लंगडी खेळत होत्या. तिने मला फाटकाशी पाहिलं आणि खेळ टाकून धावत आली, धापा टाकत.

"आई, काय झालं? लाइट गेली?"

"काही झालं नाही गं. सहज आले."

"मग मशीन?"

"फिरवून आले. तू खेळ जा."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला खरं वाटलं नव्हतं. घंटा झाली तशी ती वळली, वर्गापर्यंत जाताना तिने तीनदा मागे वळून बघितलं, आणि दारातून आत जाण्यापूर्वी आणखी एकदा.