फळ्याजवळची काठी

त्या दुपारी मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते, तेव्हा थोरल्या मामांचा फोन आला. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, शेताच्या पलीकडच्या बांधावरून हाक मारल्यासारखे. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मला मशीन थांबवायला सांगावं लागलं. "सुजा, घरी ये बाई," ते म्हणाले. काय झालं, मी विचारलं. ते म्हणाले, "सांगावा हाय..."

हा शब्द मामा कधी तोंडात येऊ देत नाहीत. लहानपणी वडिलांच्या मागं पायपीट करत त्यांनी दुसऱ्यांच्या मयतीचे सांगावे गावोगाव पोचवले होते. गावानं आमच्या घराला ते काम लावून दिलं होतं. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि कोण गेलं हे मला विचारावं लागलं नाही. आई दुपारी जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, तुमची आई फार सोशिक होती. मला हे पटत नाही आणि मी तिथल्या तिथं सांगतेही. सोसणं हा आमच्याकडच्या बायकांना दिलेला सगळ्यात स्वस्त दागिना आहे, आणि आईनं तो कधी घातला नाही. ती भांडायची. शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप लावणाऱ्या हेडमास्तरांशी भांडली, पोरीचं लग्न ठरवून दहावीला शाळेतून काढणाऱ्या बापांशी भांडली, माझ्याशी तर रोजच. आमचं सगळ्यात लांबलेलं भांडण एका काठीवरून होतं.

ती काठी माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. खुलताबादच्या पलीकडं डोंगरउतारावर त्यांचं गाव. आजोबा गावचे येसकर होते. येसकरानं हातात घुंगरांची काठी घेऊन वेशीवर थांबायचं, आल्यागेल्याची वर्दी पाटलाला द्यायची, सांगावे पोचवायचे आणि संध्याकाळी तीच काठी दारोदार आपटून भाकरी मागायची. लोक माणूस बघत नसत, काठीचा आवाज ऐकून शिळंपाकं आणून टाकत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी आपल्या काठ्या जाळल्या. आजोबांनी घुंगरं तोडून विहिरीत फेकली आणि काठी मात्र घरी आणली. लोक चिडले. मामा त्यावेळी दहा-बारा वर्षांचे असतील, तेही चिडले. आजोबांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

त्याचं उत्तर आई मॅट्रिक पास झाली त्या दिवशी मिळालं. आजोबांनी धुतलेलं धोतर नेसलं, काठी घेतली आणि ज्या ज्या दारात भाकरीसाठी उभे राहिले होते त्या प्रत्येक दारात जाऊन ती आपटली. पाटलाच्या ओसरीवरून कुणीतरी म्हणालं, "काय रे, आता तर तुमची जात लई मोठी झाली म्हणं. पुन्हा भाकरीला आलास व्हय?" आजोबा म्हणाले, "मागायला नाय आलो मालक, वर्दी द्यायला आलोय. माझी सुमन मॅट्रिक झाली." आणि पुढच्या दाराकडं निघाले. हे सांगताना आई दर वेळी उठून उभी राहायची. बसून तिला ते कधी सांगता आलं नाही.

ती शिक्षिका झाली, शहरात पुंडलिकनगरला आमचं छोटं घर झालं आणि काठीही घरात आली. बाबा लवकर गेले. त्यानंतर आईनं पुढच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग सुरू केला, निवृत्तीनंतरही तो चालूच राहिला. कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून ती त्रिशरण-पंचशील म्हणायची, मग भिंतीवरच्या फळ्याकडं वळायची आणि तीच काठी अक्षरांवरून फिरवायची. वंदनेची सक्ती नव्हती. हिना नावाची मुलगी यायची, तिच्या अब्बांचं गुलमंडीत शिलाईचं दुकान. पहिल्या दिवशी ती दाराबाहेरच घुटमळली, तेव्हा आई म्हणाली, "आत ये. आम्ही आमचं म्हणतो, तू तुझ्या मनातलं म्हण. पण चप्पल काढून, फरशी मी पुसते." मंगळसूत्राचे मणी मोजावेत तसे ती पोरांचे पाढे मोजून घ्यायची, एकही कमी चालायचा नाही. वर्गातलं कुणी मोठी परीक्षा पास झालं की आई पायरीवर जायची, काठी तीनदा आपटायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "वर्दी ऐका हो!" मग नाव, परीक्षा, आईबापाचं नाव. आईचं नाव आधी. समोरचे काका गॅलरीतून म्हणायचे, "मॅडम, आमच्या बंड्याची कधी?" आई म्हणायची, "त्याला मोबाइल खाली ठेवायला सांगा, आजच देते."

मी वाढले ती पत्रकांवर. आई सभा-मेळाव्यांतून दुपानी-चौपानी पुस्तिका आणायची, मी वाचायला शिकले ती त्यांच्याच मथळ्यांवरून. त्यामुळं पुढं मी स्वतः पत्रकं लिहू लागले यात नवल नाही. कॉलेजात असताना मी एक लिहिलं, 'गुलामीची चिन्हं घराबाहेर काढा'. आईला वाचायला दिलं. तिनं लाल पेनानं शुद्धलेखन तपासून परत दिलं आणि म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे. पण चिन्ह कुणाच्या हातात आहे तेही लिही की." मी म्हणाले, हातानं काय फरक पडतो, काठी ती काठीच. ती म्हणाली, "मग पेनही आपल्याला वेशीबाहेर ठेवणाऱ्या कारकुनाचाच होता, टाकून दे." पत्रक मी तसंच छापलं. आजही त्यातल्या मजकुरावर मी ठाम आहे, एका काठीचा अपवाद सोडून.

मामांना तो अपवाद कधीच मान्य नव्हता. ते आमच्याकडं आले की फळ्याकडं पाठ करून बसायचे. वर्दी सुरू झाली की उठून मागच्या न्हाणीत पाय धुवायला जायचे. आई हसत म्हणायची, "दादा, तुझे पाय लई मळतात रे."

अंत्ययात्रेच्या वेळी हेच मामा काठी हातात घेऊन बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती धरलेली मी पाहिली. आईला पांढऱ्या साडीत निजवलं होतं, वंदना म्हणायला आलेले भन्तेजी थांबले होते. मामा म्हणाले, "हिच्यासंगं जाऊ दे. हिच्यासाठी इतकी वर्षं गप बसलो. आता बास." मी काठीचं दुसरं टोक धरलं. मामा, ही वर्गाची आहे, मी म्हणाले. पोरं उद्या काय बघतील? मामांनी सोडली नाही. हळू आवाजात म्हणाले, "तू ही फळ्याजवळ बघितली, सुजा. मी दारात बघितली. भाकरी कुत्र्याच्या आधी टाकायची की नंतर, ह्याच्यावर बाया भांडायच्या आणि मी टोपलं धरून उभा."

ज्यानं टोपलं धरलं त्याच्यासमोर मी 'चिन्ह कुणाच्या हातात आहे' हे आईचं वाक्य कसं म्हणू? पण मी टोकही सोडलं नाही. शेवटी भन्तेजी म्हणाले, आधी बाईंना निरोप देऊ. मामांनी हात काढला आणि म्हणाले, "ठेव. पण मला दिसली नाय पाहिजे." मी काठी कपाटाच्या मागं ठेवली.

आईच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना झाल्यावर मामा गावी गेले नाहीत. मला एकटीला सोडवत नाही म्हणाले. मी वर्ग पुन्हा सुरू केला. फळ्यावर बोट ठेवून शिकवत होते, बोट पोचत नव्हतं, मागच्या पोरांना दिसत नव्हतं. कुणी काठी मागितली नाही. मुलांना सगळं कळतं. मामा आतल्या खोलीत बसून ऐकायचे.

मागच्या आठवड्यात हिना पळत आली. नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झाली होती. मोबाइलवरचा निकाल माझ्यासमोर धरला, हसली, आणि मग एकदम तिचा चेहरा उतरला. फळ्याजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत म्हणाली, "दीदी, मेरी वर्दी कौन देगा?" मी म्हणाले, मी देते. पायरीवर गेले, तोंड उघडलं... आणि आवाजच फुटला नाही. मी सभांमध्ये माइकशिवाय बोलते. पण त्या पायरीवर आईच्या चपला अजून होत्या.

मागून मामा आले. हिनाकडं बघितलं. "आईचं नाव काय गं तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"शबाना."

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आण ती. पण मी धरणार नाय. तू आपट. ओरडायचं काम माझ्याकडं, आवाज माझाच हाय, तो कुणी दिलेला नाय." मी कपाटामागून काठी आणली. पायरीवर तीनदा आपटली. मामांनी मान वर केली आणि डोंगरापलीकडं जाईल अशी हाक दिली, "वर्दी ऐका हो! शबानाबी आणि शिलाईवाल्या भाईंची हिना... नर्स झाली!" समोरच्या गॅलरीत काका आले, टाळ्या वाजवू लागले. हिना रडत हसत होती. मामांनी मात्र दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते.

मग ते न्हाणीकडं गेले नाहीत. आत येऊन खुर्ची ओढली आणि बसले. अजून फळ्याकडं थोडी पाठ करूनच बसतात. काठी आता आपल्या जागी आहे, फळ्याच्या उजव्या बाजूला. आईची मूठ जिथं पडायची तिथं ती गुळगुळीत आणि काळपट झाली आहे. वर्गात मी तिथं हात ठेवत नाही. थोडं खाली धरते.