नवरीचं वादळ

आता वादळ उठायच्या आधीच त्याचं नाव ठरलेलं असतं म्हणे. टीव्हीवर असं एखादं नाव ऐकलं की मला माझी धाकटी जाऊ आठवते.

स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. दिवेआगरच्या बाजूला आमचा कोळीवाडा. तुळशीची लग्नं उरकल्यावर धाकट्या दिराचं लग्न झालं. नवरी खाडीकाठच्या गावची, उघडा समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. अंगावरची हळद उतरली नव्हती तोच वादळ आलं. वाड्यातली एक होडी परत आली नाही. तिच्यावर शेजारच्या मावशीचा एकुलता मुलगा होता.

वाड्यात वादळांना नावं पडायची. एक म्हशीचं वादळ, त्यात कुणाची म्हैस वाहून गेलेली. एक कळसाचं, त्यात देवळाचा कळस पडलेला. ह्याला मावशीच्या तोंडून नाव पडलं, नवरीचं वादळ. महिन्याभरात ते साऱ्यांच्या तोंडी बसलं. "नवरीच्या वादळात माझं छप्पर गेलं," बाया विहिरीवर सहज बोलत. जाऊ तिथेच कळशी भरत असे. मान खाली घालून ती भरलेली कळशी उचलायची आणि घरी येऊन चुलीपुढे बसायची.

पुढच्या वर्षी नवरात्र सरताच वाड्यात वादळाची तयारी सुरू झाली. छपरांवर काथ्याचे दोर आवळायचे, होड्या वर ओढून माडांना बांधायच्या. जावेने दोर वळून वळून हाताची सालं काढली. पण सासऱ्यांनी तिने बांधलेली गाठ सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली. ती ओसरीवरून बघत होती.

त्या संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ती जाळं मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशी, त्या पोरीचं नाव वादळाला नका देऊ. तिने काय केलंय?"

"काय केलं न्हाय. ठाऊक हाय मला."

"मग?"

तिने जाळं बाजूला सारलं. "मग काय म्हणू त्याला? कायतरी म्हणायलाच लागतंय ना? माझ्या लेकाचं नाव देऊ? दर साली लोकांच्या तोंडून ते ऐकू?"

बाजूला सारलेलं जाळं तिच्या मांडीवर परत ठेवून मी उठले.

त्या वर्षी बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला, वारा सुटला, पण काही न मोडता वादळ निघून गेलं. त्याला कुणी नाव दिलं नाही. जुनं नाव मात्र बोलण्यात राहिलंच. उन्हाळ्यात दिराने उरणला मिठागरावर काम धरलं. सासूबाई रडल्या, पण थांब म्हणाल्या नाहीत.

दोघं निघायच्या दिवशी मावशी आमच्या दारात आली. हातात सुकटीचं गाठोडं होतं. ते तिने जावेच्या पुढ्यात ठेवलं. जावेने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि गाठोडं उचललं.

त्यानंतर होळीला दीर यायचा, तो एकटाच. "ती का नाही आली?" सासूबाई विचारायच्या. "पोरं लहान हायेत," तो म्हणायचा. पोरं मोठी झाली तरी तो तेच सांगत राहिला.