मयेकरकाकांच्या दातांतली फट

माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. छत्र्या, हेल्मेटं आणि माशांच्या पिशव्या दाराबाहेर. रत्नागिरीत दातांच्या डॉक्टरला हा नियम करावाच लागतो. लोक बाजार उरकून येतात, आणि मी कोणाच्या तरी अक्कलदाढेत डोकं घालून बसलेली असताना खुर्चीखालून बांगड्याचा वास सुटतो. त्यामुळे दत्ताराम मयेकर पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या हातातल्या काळ्या पेटीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "ते बाहेर."

"यात मासे नाहीत, डॉक्टर."

"काहीही असो. बाहेर."

"आत असतं तर बरं झालं असतं. दात ह्याच्यासाठीच दाखवायचेत."

मी ऐकलं नाही. पेटी छत्र्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि काका खुर्चीत. पुढे जो घोळ झाला तो तिथेच सुरू झाला, आणि तो मी घातला, हे आधीच सांगून टाकते.

काका सॅक्सोफोन वाजवायचे. गावात त्यांना 'पिपाणीवाले मयेकर' म्हणत. त्यांना राग यायचा नाही. "पिपाणी तर पिपाणी. वाजतंय ना?" वाजायचं जॅझ, आणि त्यातही प्रयोगाचं. म्हणजे चाल सुरू होते, वाटेत हरवते, आणि वाजवणारा तिला शोधायला जायच्याऐवजी आणखी लांब सोडून येतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "ऐकून तर बघा. आवडायची घाई नको." हे त्यांचं पेटंट वाक्य. नवीन सिनेमा असो, नवा जावई असो की खानावळीतली आमटी असो, आवडायची घाई नको.

घर मच्छीमारांचं. वडील तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, खलाशांचे म्होरके. दत्ताराम मात्र समुद्रावर गेले ते बँडवाले म्हणून. आधी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग परदेशी प्रवासी बोटीवर सॅक्सोफोन. वीस वर्षं रोज संध्याकाळी जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर गोड गोड वाजवलं. "लोकांचं सूप थंड होईल असं काही वाजवायचं नाय, अशी ऑर्डर होती," ते सांगायचे. मग कुठल्याशा बंदरात, सुटीच्या दिवशी, एका तळघरात त्यांनी एका माणसाला ऐकलं. तो पाऊण तास एकाच सुराच्या मागे लागला होता. "आधी वाटलं, हा वेडा. मग वाटलं, वेडा मी. इतकी वर्षं लोकांचं सूप सांभाळत बसलो." पुढच्या करारावर त्यांनी सही केली नाही. पेटी घेऊन थेट घरी आले.

घर मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याला लागून. सकाळी ते एका शाळेच्या बँडला शिकवायचे, लग्नसराईत हॉटेलांमधल्या रिसेप्शनला वाजवायचे, आणि दुपारी दोन ते चार स्वतःचं काम. वेताच्या पातळ पट्ट्या, ज्यांच्यामुळे सॅक्सोफोन बोलतो, त्या चाकूने तासत बसायचे, आणि मग मागच्या पडवीत उभं राहून सुरू. बर्फाच्या मशीनची घरघर हा त्यांचा तंबोरा. एकदा कारखान्यात पट्टा बदलला आणि मशीनचा आवाज अर्ध्या सुराने वर गेला, तर हे तावातावाने भांडायला गेले. "माझा तंबोरा चढवलात तुम्ही!" कारखानेवाल्याला वाटलं, त्याच्या माणसांनी यांच्या घरातला तंबोरा नेऊन खरंच कुठेतरी वर चढवून ठेवलाय. त्याने बिचाऱ्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

या दोन तासांची सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे त्यांची थोरली बहीण, शेवंताआक्का. पहाटे उठून बंदरावर मासे घ्यायचे, दुपारपर्यंत बाजारात विकायचे आणि घरी येऊन जरा आडवं व्हायचं, तर पडवीत हे. "रे मेल्या, मांजर चेंगारलंय काय दारात?" ही हाक मिरकरवाड्यात रोजची. काका सूर न सोडता मान हलवायचे. मग आक्का डोक्यावर उशी घेऊन झोपायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर दात. वरचे समोरचे दोन्ही दात हिरड्यांनी सोडून दिले होते. बोट लावलं की हलायचे. सॅक्सोफोन वाजवणारा माणूस वरचे दात माउथपीसवर टेकवतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यात काकांना मुंबईहून बोलावणं आलं होतं. दिवाळीनंतर एका छोट्या थिएटरात त्यांनी एकट्याने वाजवायचं. अख्ख्या आयुष्यात असं बोलावणं पहिल्यांदाच. "सूप नाय, रिसेप्शन नाय," ते म्हणाले. "लोक फक्त ऐकायला येणार. आणि नेमके आता हे दोघे संपावर गेलेत. बाय, काहीतरी कर." अर्ध्या तासात मी 'डॉक्टर'ची 'बाय' झाले होते.

गणपतीआधी मी ते दात काढले. जखम भरेपर्यंत तात्पुरते दिले आणि वाजवायला बंदी केली. नवरात्रात कोल्हापूरच्या लॅबमधून ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसणारी जोडदातांची पट्टी, आला. सांगायला लाज वाटते, पण तो बघून मी स्वतःवर खूश झाले. काकांच्या मूळ दातांमध्ये आगपेटीची काडी जाईल एवढी फट होती. ती मी बुजवली. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. फट घेऊन आलेला कुठला माणूस ती बुजवू नका म्हणतो? चार दात एकसंध, शेजाऱ्यांशी रंग जुळलेला, मजबूत. मी आरसा दिला. काका बराच वेळ बघत राहिले.

"आवडले?"

"बघू," ते म्हणाले. "आवडायची घाई नको."

मला तो विनोद वाटला. मी खो खो हसले. त्यांनीही नवे दात दाखवून हसून घेतलं.

दिवाळी उरकली आणि एका दुपारी शेवंताआक्का दवाखान्यात आल्या. पाटी रिकामी करून, हात धुऊन, नियम पाळून. खुर्चीत बसायला तयार नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "डाक्टरीणबाय, माजा भाव हसतो लय छान. पन वाजवत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे पेटी उघडतो, तोंडाला लावतो, जरा वाजवतो, नि ठेवून देतो. आठवडाभर तर उघडली पन नाय. मुंबैला कळवतोय, तब्येत बरी नाय म्हनून. चांगला धडधाकट हाय मेला! मी दुपारची पडते, तर सगला गपगार. डोला लागत नाय माजा."

"मग ते मला का नाही बोलले?"

"तू एवढ्या हौसेनं केलंस. तुला वाईट वाटंल म्हनला." आणि मग त्यांनी ओठ वर करून मला स्वतःचे दात दाखवले. समोर तीच फट. "आमच्या बाची ही. त्याच्या तोंडात होती, माज्या हाय, दत्तूच्या होती. तू बुजवलीस."

चांगली चपराक बसली. आक्कांच्या दोन दाढा मीच भरल्या होत्या. त्यांचं तोंड मी दहादा बघितलं होतं आणि फट दिसली नव्हती. कारण मला फट म्हणजे फक्त बुजवायची गोष्ट दिसायची. मुंबईचा कार्यक्रम बारा दिवसांवर होता. मी आक्कांना म्हटलं, "उद्या सकाळी पाठवा त्यांना. आणि पेटी घेऊन."

दुसऱ्या दिवशी ती पेटी पहिल्यांदा आत आली. काका गुन्हेगारासारखे बसले. "तुझे दात उत्तम आहेत, बाय. दोष माझाच." मी म्हटलं, "गप्प बसा आणि वाजवा." त्यांनी वाजवलं. मला ठीक वाटलं, अगदी गोड वाटलं. "हेच तर," ते म्हणाले. "सूप गरम राहील असं वाजतंय." मग त्यांनी समजावलं. वरचा ओठ जरा सैल सोडला की थोडा श्वास त्या फटीतून निसटायचा, आणि सुराच्या मागे एक सुस्कारा यायचा. लाट मागे जाताना रेतीतून येतो, तसा. तळघरातल्या त्या माणसाकडे नव्हतं ते, कोणाकडेच नव्हतं. मुंबईवाल्यांनी त्यांना बोलावलं होतं ते त्या आवाजासाठी.

"आता ती फट होती तेवढीच कशी करू?" मी म्हटलं. "केसभर चुकलं तरी आवाज बदलणार. आणि तुमचे जुने दात तर मी फेकून दिले."

काकांनी माउथपीस काढून माझ्या हातात दिला. काळा, कडक, जुनापुराणा. वरच्या बाजूला, दात टेकतात तिथे, दोन खळगे पडले होते. चाळीस वर्षं रोज चावून झालेले. आणि दोन खळग्यांच्या मधे एक बारीक उंचवटा, आगपेटीच्या काडीएवढा.

मी तो तुकडा हातात घेऊन बसूनच राहिले. माप घेणं हा माझा धंदा. आणि या माणसाने आपल्या दातांचं माप चाळीस वर्षं घेऊन ठेवलं होतं, पेटीत घालून माझ्या दाराशी आणलं होतं, आणि मी ते छत्र्यांत ठेवायला लावलं होतं. मला रडू आलं. काका घाबरले. "अगो, रडतेस कशाला? मोडला नाय तो."

मी त्या खळग्यांवर मेण दाबून साचा घेतला. मग माझा तो देखणा ब्रिज स्वतःच्या हाताने कापून काढला. फट ठेवायची तर चार दात एकसंध राहत नाहीत, दोन अर्धे वेगळे करावे लागतात, आणि ते तेवढे मजबूत नसतात. तसं मी स्पष्ट सांगितलं.

"किती वर्षं टिकतील?"

"चार. फार तर पाच."

"मीपण तेवढाच टिकेन. जोडी जमली."

पुढचे चार दिवस मी तात्पुरत्या दातांवर काम केलं. कानशीने जरासं घासायचं, काकांनी खुर्चीतच वाजवायचं, मान हलवायची, पुन्हा घासायचं. आतून येणाऱ्या किंकाळ्या बाहेर बसलेल्या पेशंटनी ऐकल्या. पहिल्या दिवशी तिघे उठून गेले. एक मास्तर जाताना माझ्या असिस्टंटला म्हणाले, "भूल देत नाहीत वाटतं हल्ली." चौथ्या दिवशी दुपारी, खिडकीतून उन्हं आत आलेली, काकांनी एक लांब सूर धरला, ओठ सैल सोडला, आणि त्या सुराच्या मागून तो सुस्कारा आला. काकांनी डोळे उघडले. मी कानस खाली ठेवली.

मुंबईला मी आणि आक्का दोघी गेलो. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. काकांनी उभं राहून एवढंच सांगितलं, "आवडायची घाई नको," आणि सुरू केलं. दहा मिनिटांत दोन माणसं उठून गेली. मी अवघडले. आक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मागे आणखी कोणी उठायच्या बेतात असतं तर बसलंच असतं. मग तो सूर आला, आणि त्याच्या मागून ते रेतीतून जाणारं पाणी. आक्का माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पानी ओसरतंय बघ."

त्यानंतर मी त्यांना तसेच पक्के दात केले, खळग्यांच्या मापाचे, फटीसकट. काकांची आणखी तीन-चार बोलावणी झाली. एकदा पुण्याची दोन पोरं त्यांच्याबरोबर वाजवायला आली, तर काकांनी त्यांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेऊन अख्खी सकाळ नुसतं ऐकायला बसवलं. पडवीतले दोन तास आणि आक्कांच्या शिव्या पूर्ववत सुरू झाल्या. दात पाच वर्षं टिकले असते. काका चारच टिकले. सकाळी शाळेच्या बँडला शिकवून आले, पडवीत बसून पट्टी तासता तासता गेले. हातात चाकू तसाच होता, म्हणे.

तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, माझ्या दवाखान्यात आणखी एक नियम झालाय. समोरच्या दातांना हात लावायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, "या दातांनी तुम्ही काय काय करता?" लोकांना मजा वाटते. शिंपी दोरा तोडतो. जाळं विणणारे सुतळी धरतात. एका बँकेतल्या बाईंनी लाजत सांगितलं की त्या शिट्टी वाजवतात. ते सगळं मी लिहून घेते.

यंदा पावसाळा संपल्यावर शेवंताआक्का आल्या. समोरचा एक दात हलत होता. आता बाजारात बसत नाहीत. विचारलं, "कशा आहात?" तर म्हणाल्या, "हाय. दुपारची झोप येत नाय, एवढंच." मी दात बघितला. काढून दुसरा बसवावा लागणार होता. आणि सवयीने, दुसऱ्या कोणालाही विचारते तसं, तोंडातून निघून गेलं, "आक्का, या दातांनी तुम्ही काय काय करता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत मान मागे टेकली, डोळे मिटले, वरचा ओठ जरा सैल सोडला आणि त्या फटीतून हळूहळू श्वास सोडला. लांब, रेतीतून पाणी मागे जावं तसा. तो संपेपर्यंत मी हलले नाही.

"एवढंच," त्या म्हणाल्या. "दुपारी पडल्यावर करते. तेवढी ठेव."