गॅरेजमधला जवळा

गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने बास माशांच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला, आणि तो माझ्या लबाडीमुळे आला होता. यंदा त्याच धरणावर, त्याच स्पर्धेत, दिवसातला सगळ्यात मोठा मासा माझ्या गळाला लागला, आणि तो सरळ मार्गाने. सांगायचंय खरं तर यंदाचं. पण गेल्या वर्षीचं लपवून ते सांगता येत नाही. मी मुळात कमी बोलणारी. ऑफिसात लोक मला शांत समजतात; मी शांत नव्हते, पोटात ठेवून बसले होते.

बास हा इथल्या, सिडनीकडच्या, गोड्या पाण्यातला मासा. पाठ काळपट हिरवी, अंगाने आखूड, स्वभावाने भांडखोर. स्पर्धेत जोडीने एका बोटीत बसायचं, दोन मोठ्यात मोठे मासे पकडायचे, बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे, दुपारी काठावर वजन करायचं आणि पाण्यात सोडून द्यायचे. मेलेला मासा आणला तर गुण कापतात. माझी आई व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आजही कपाळाला हात लावते. "सोडलंस? मगे धरलंस कित्याक गो? घरात कोण जेवूक नाय काय?"

माहेर माझं मालवणचं. नवरा पुण्याचा, जन्मात मासा न चाखलेला. पण गळ टाकण्याचं वेड त्याचं. पकडायचा, बघायचा, सोडायचा. मासा पोटात जात नाही म्हणूनच हा खेळ त्याला झेपतो. आमच्या लग्नात एक न बोललेला करार आहे. माझे मासे गॅरेजमध्ये. सिडनीपासून काही तासांवरच्या आमच्या गुंगालिनच्या थंडीत गाडीशेजारी कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवून, स्वेटर-टोपी घालून मी जवळा भाजते. सिडनीला गेलो की वेंटवर्थव्हिलच्या देशी दुकानांतून सुकी मासळी आणायची, तीही डिकीत, तीन पिशव्यांत गुंडाळून. तो कधी चकार शब्द बोलत नाही. फक्त माझ्या हाताला वास असला की मान जरा दुसरीकडे वळवतो. माझ्या डब्याकडे नाक न्यायचं नाही, हा त्याच्याकडचा सभ्यपणा. मी नेमका त्याचाच फायदा घेतला.

सुरुवात झाली ती चुकून. स्पर्धेआधी सरावाला गेलो होतो. बोटीत मी जवळ्याची चटणी आणि भाकरी खाल्ली, हात पुसले न पुसले आणि गळाला लावायचा रबरी मासा बोटांनी चिमटून सरळ केला. गळ पाण्यात पडतोय तोच दणका बसला. सकाळपासून कोरडे होतो, आणि आता एकामागून एक. नवरा आनंदाने ओरडला, "वारा फिरला! बघ, वारा फिरल्याबरोबर खालून वर आले!" मी माझ्या बोटांकडे बघत होते.

नियम साधा होता. आमिष फक्त खोटं, रबराचं नाहीतर लाकडाचं. खाण्याची खरी वस्तू गळाला लावायची नाही, त्यावर चोळायचीही नाही. बोटी पाण्यात सोडायच्या आधी स्पर्धाप्रमुख बाई दरवर्षी हे मोठ्याने वाचून दाखवतात. मी ऐकलं होतं. तरीही स्पर्धेच्या दिवशी माझ्या जॅकेटच्या खिशात भाजून कुटलेल्या जवळ्याची डबी होती.

का होती? काठावर एक प्लंबर असायचा. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, बरीच वर्षं जिंकत आलेला. सरावाच्या दिवशी मला बोटीत चढताना बघून तो नवऱ्याला म्हणाला होता, "काय मेट, चहा करायला मिसेसला आणलंस वाटतं?" तो थट्टाच करत होता. नवराही हसला. मला ते हसणं जास्त लागलं. डबी खिशात टाकताना मी स्वतःला त्या हसण्याचं कारण दिलं, आणि दिवसभर चिमूट चिमूट चोळत राहिले. प्लंबर दुसरा आला. टोपी काढून त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "चहाचं बोललो त्याबद्दल सॉरी हं."

बास कोरलेली लाकडी पाटी आमच्या हॉलमध्ये लागली. पाहुणे आले की नवरा त्यांना तिथे उभं करायचा. "ही बघा, हिची कमाल. हिच्या हाताला यश आहे." मी सरबत आणायला आत जायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आजही गप्पच असते. पण नवरा आयटीतला. झालेल्या गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने आमच्या विजयाची थिअरी बनवली. वारा, पाण्याची खोली, आमिष किती सावकाश ओढायचं, सगळ्याच्या स्लाइड्स केल्या आणि क्लबमध्ये एका संध्याकाळी भाषण दिलं. पहिल्या रांगेत तो प्लंबर. "एवढं सावकाश?" त्याने विचारलं. "त्याहूनही सावकाश," नवरा म्हणाला. मागच्या खुर्चीवर बसून मी टाळ्या वाजवल्या.

यंदा स्पर्धेच्या सकाळी प्लंबर काठावर भेटला. थर्मासमधली कॉफी मला देत म्हणाला, "वर्षभर तुझ्या नवऱ्याच्या पद्धतीने गळ टाकतोय. एक धड मासा नाही. माझंच काहीतरी चुकतंय, वय झालं बहुतेक."

हा माणूस, ज्याचा आवाज अख्ख्या काठावर घुमायचा, तो हे हळू आवाजात म्हणाला. कॉफीचा पेला मी त्याच्या हातात परत दिला. मी तशीच स्पर्धाप्रमुख बाईंपुढे जाऊन उभी राहिले. नवरा बोट उतरवत होता, त्याला हाक मारली. प्लंबर मागून आलाच. तिघांसमोर सगळं सांगितलं. जवळा म्हणजे काय, तो कसा भाजतात, डबी कुठल्या खिशात होती. बोलताना एकदाही अडखळले नाही, याचं मलाच नवल वाटलं.

पहिल्यांदा बोलला तो नवरा, मराठीत. "म्हणजे माझी थिअरी?"

"तुझी थिअरी खोटी नव्हती रे. थिअरीच नव्हती ती, जवळा होता."

प्लंबरचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तो हसत सुटला, पोट धरून. "सुकी कोळंबी! वर्षभर मी गोगलगायीसारखा गळ ओढतोय, आणि कारण सुकी कोळंबी!"

बाई हसल्या नाहीत. गेल्या वर्षीचा नंबर प्लंबरचा, पाटी त्याच्या घरी जाणार. "आज घरी जायचं की उतरायचं, ते तू ठरव. उतरलीस तर नजर ठेवायला आमचा मार्शल तुझ्या बोटीत बसेल."

घरी जाणं सोपं होतं. पण मला एक गोष्ट कळायलाच हवी होती. जवळ्याशिवाय मला मासा पकडता येतो का? की मी चहा करायलाच आले होते?

मार्शल होते सत्तरीतले एक आजोबा. त्यांनी आमचा डबा उघडून हुंगला. मेथीचे पराठे. लोणच्याची बाटली उघडून हुंगली, शिंकले, म्हणाले, "याने मासे पळतील, येणार नाहीत. नो वरीज." मी काठावरची वाळू घेऊन हात घासले, पाण्याने धुतले, पुन्हा घासले. नवऱ्याने बोट सुरू केली. माझ्याशी एक शब्द नाही.

सकाळ कोरडी गेली. त्याच्या गळाला दोन बेताचे मासे लागले, माझ्या गळाला काही नाही. आजोबा पराठा खात माझ्या हातांकडे बघत होते. कुणी हातांवर पहारा ठेवला की गळही जड होतो.

ऊन चढल्यावर काठच्या झाडांवर सिकाडा किडे ओरडायला लागले. असे की कानात भोकं पडावीत. एका निलगिरीची फांदी पाण्यावर वाकली होती. त्या फांदीवरून एक किडा पाण्यात पडला, फडफडला, आणि खालून काहीतरी येऊन तो नाहीसा झाला. मी पुन्हा वाट बघितली. पुन्हा तसंच.

आमच्या पेटीत सिकाडासारखं एक लाकडी आमिष होतं, काळं, बेढब. नवरा त्याला झुरळ म्हणायचा. मी ते बांधलं. त्याने बघितलं, भुवई उचलली. मी फांदीच्या सावलीत टाकलं आणि ओढलंच नाही. नुसतं राहू दिलं. पाण्यावरची वर्तुळं विरली. मग मनगट जरासं हलवलं.

पाणी फुटलं. काठी अशी वाकली की कोपर बोटीच्या कडेवर आपटलं. मासा थेट बुडालेल्या झाडाच्या बुंध्याकडे निघाला. तिथे पोचला की दोरा तुटलाच.

"सैल सोडू नकोस!" बोटीत बसल्यापासूनचे नवऱ्याचे पहिले शब्द. "वळव त्याला! डावीकडे! अगं डावीकडे!"

"दिसतंय मला! तू जाळी घे!"

"घेतलीय! ये बाबा, ये, ये रे राजा..." तो माशालाच आर्जवं करत होता, बोटीबाहेर अर्धा लटकून. आजोबांनी त्याचा पट्टा मागून धरून ठेवला होता. जाळी वर आली तेव्हा आत जे होतं ते बघून आम्ही तिघंही एकदम ओरडलो. समोरच्या काठावरचे पेलिकन पक्षी उडाले.

दुपारी काट्यावर तो मासा चढवला आणि गर्दी पुढे सरकली. बाईंनी मार्शलकडे पाहिलं. आजोबा खणखणीत म्हणाले, "मी हिच्या हातांवरून नजर हलवली नाही. मासा हिचाच." दिवसातला सगळ्यात मोठा! एकूण वजनात आम्ही तिसरे आलो; पहिला कोण आला ते मला आज आठवतही नाही. प्लंबरने शिट्टी मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मिसेस, पुढच्या वर्षी मला बोटीत घे. चहा मी करीन!" मग जवळ येऊन, "आणि ती कोळंबीची चटणी. खायला कशी लागते?"

मासा सोडायला मी गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हातांत धरून त्याला हळूहळू हलवत राहिले. कल्ले उघडले, मिटले, शेपटीत जोर आला, आणि माझ्या तोंडावर पाणी उडवून तो गेला. नवरा पँट भिजवत शेजारी येऊन उभा होता.

"पाटी गेली," मी म्हटलं.

"खिळा आहे." तो पाण्याकडे बघत होता. "झुरळ टांगू त्यावर."

मग त्याने माझा हात धरला, ओला, चिकट, खवले लागलेला, आणि सगळ्या काठासमोर नाकाशी नेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मान वळवली नाही. चांगला खोल श्वास घेतला.

"मासा," तो म्हणाला. "नुसता मासा आहे."