पाहुण्यांच्या ब्लँकेटातली व्हॅनिला

व्हॅनिला आणायला यवतमाळला निघाले म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. हसोत बापड्या. पुण्यात घरच्या घरी अत्तरं करणाऱ्या माझ्यासारखीचं बाजारातल्या नकली व्हॅनिलाने डोकं उठतं. खऱ्या शेंगेत मध असतो, जुनं लाकूड असतं, किंचित धूरही असतो. तसं एक अत्तर करायचंच होतं. राळेगावजवळ व्हॅनिला पिकवणाऱ्या पुष्पाबाई फोनवर म्हणाल्या, "शेंगा तयार हायेत, ताई," आणि मी तिकीट काढलं.

जाणार असाल तर वर्ध्याला उतरून राळेगावची एसटी धरा. मार्चात उन्हाच्या बाजूला बसू नका, भाजून निघाल. स्टँडवर तर्री-पोहे हाणून घ्या. पुढे शेअर ऑटो आहे, पण तो भरल्याशिवाय हलत नाही.

पुष्पाबाईंचे वेल विहिरीशेजारी, हिरव्या जाळीखाली. फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. तेवढ्या वेळात एकेक फूल काडीने हाताने फळवावं लागतं. त्यापायी बाईंनी माहेरची लग्नंसुद्धा सोडली होती. गाव चेष्टा करायचं, आणि गिऱ्हाईक म्हणून मी एकटीच.

भरीत-भाकरी संपते न संपते तोच डबा समोर आला. शेंगा काळ्याभोर, तेलकट, देखण्या. एक नाकाशी नेली. डांबरगोळीचा वास!

तोडलेल्या शेंगा उन्हात तापवून उबेला गुंडाळून ठेवतात, तेव्हा कुठे सुगंध उतरतो. मी विचारलं, "कशात गुंडाळल्या होत्या?"

"पाहुण्यायच्या ब्लँकेटात. पेटीतलं नवंकोरं काढलं नं!"

त्यांचे यजमान म्हणाले, "म्या म्हटलं होतं, पोतं घे. तं म्हणे, एवढ्या नाजूक वस्तूले पोतं कायले?"

रोपं विकणाऱ्याने 'चांगल्या ब्लँकेटात ठेवा' एवढंच सांगितलं होतं. चांगलं ब्लँकेट घराघरांत डांबरगोळ्यांतच असतं, हे त्या शहाण्याला कळू नये? असा संताप झाला माझा!

मी सांगून टाकलं. शेंग स्पिरिटात घातली की आधी डांबरगोळीच बाहेर येईल, अत्तर होणार नाही.

पुष्पाबाईंनी शेंग हुंगली. पुन्हा हुंगली. "मले तं चांगलाच वाटते हा वास. ठेवणीतल्या कपड्यायले असाच वास असते नं, ताई?"

मी डब्याचं झाकण लावलं.

सकाळी वेलावर फुलं उमलली होती. बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काडी उचलली तर म्हणाल्या, "राहू द्या. आता नाही होत माह्याच्यानं." माझी एसटी निघाली तेव्हा दुपार झाली होती.

अत्तर शेवटी मी नकली व्हॅनिलाचंच केलं. लोक म्हणतात, काय अस्सल वास आहे! बाईंनी बळेबळे बांधून दिलेल्या शेंगा टाकवल्या नाहीत. त्या कपाटात शालींच्या घडीत ठेवल्या आहेत. यंदा एकाही शालीला कसर लागली नाही.