टांग्याच्या जागी जीप

मी म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहात नर्स होते तेव्हा माझ्या दिमतीला टांगा होता. दिमतीला म्हणजे काय, म्युनिसिपालटीने महिन्याच्या भाड्याने लावलेला, आणि त्यात बसून मी नागपूरभर बायकांची बाळंतपणं करत हिंडायची. घोडा म्हातारा, टांगेवाला पन्नाशीचा, आणि दोघांचा स्वभाव एकच: कितीही ओरडा, धावायचं नाही. "अगा, बाळ काय तुझी वाट पाहत थांबते?" मी चिडून विचारायची. "थांबते बाई. आजवर थांबलंच न?" असं म्हणून तो लगाम तसाच ढिला ठेवायचा. माझं डोकं फिरायचं. असं भांडत भांडत आम्ही कितीतरी वर्षं काढली.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. लढाईतल्या जुन्या जीपा लिलावात निघत होत्या. सदर बाजारातल्या एका ठेकेदाराने त्यातल्या काही घेतल्या आणि रंग मारून भाड्याने द्यायला काढल्या. आमच्या साहेबांच्या मनात भरल्या. त्यांनी ठरवलं, एक महिना जीप भाड्याने लावून पाहायची, तोवर टांगाही असू द्यायचा. जमली तर जीपेचा करार पक्का आणि टांगा बंद. कोष्ट्यांच्या गल्ल्यांत ती शिरली नाही, तर टांगाच राहील. हे त्यांनी टांगेवाल्याच्या समोरच सांगितलं.

"नाही शिरत बाई," परतताना तो मला म्हणाला. "तिचा बाप आला तरी नाही शिरत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लकडगंजाकडे जाताना कोष्टी विणकरांची वस्ती होती. लुगड्याचे उभे धागे खळ लावून वाळवायचे, तर घरात जागा कुठली? मग सकाळीच गल्लीत बांबूच्या फुलीसारख्या कैच्या रोवून त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरायचा. ओला ताणा एकदा गुंतला की घरादाराची मेहनत मातीत. टांगा आला की टांगेवाला खाली उतरायचा, घरच्या माणसांबरोबर स्वतः कैच्यांना हात लावून ताणा भिंतीकडे सरकवायचा, आणि घोडा दुसऱ्या भिंतीला चाक घासत निघून जायचा. जीप पडली रुंद. तिचं तेवढ्यात भागणारं नव्हतं.

जीपचा ड्रायव्हर फौजेतून सुटून आलेला, मोठा उमदा गडी. पहिल्याच आठवड्यात त्याने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवला तर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "काहून बोंबलून राहिला गा? ताणा ओला आहे. वाळला की ये." तो मुकाट्याने गाडीत बसून राहिला आणि मी हसत हसत पायी आत गेले. खरं सांगते, मला बरं वाटलं. जीपेशी माझं वैर नव्हतं. पण स्टेशनवर सायकलरिक्षा आल्या होत्या, टांग्यांना सवारी मिळेना झाली होती. म्युनिसिपालटीचं भाडं गेलं असतं तर या माणसाच्या घरी चूल कशावर पेटणार होती?

महिना संपत आला आणि त्याच गल्लीतून बोलावणं आलं. पहिलटकरीण, रात्रभर कळा देऊन सकाळ झाली तरी सुटका नाही, आणि रक्त जात होतं. मी जीपेतून पोचले. मागून टांगाही आला. ताण्याच्या बाजूने अंग चोरत मी आत गेले आणि तिची नाडी पाहिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाती दिल्याशिवाय ती वाचणार नव्हती, आणि टांग्यातून तर ती तिथवर पोचलीच नसती. ताणा हलल्याशिवाय ना तिची बाज बाहेर येणार, ना जीप आत जाणार. मी धावत गल्लीच्या तोंडाशी आले. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, विणकर त्याच्यावर ओरडत होते, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

टांगेवाला खाली उतरला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "भोंगा बंद कर. वरचं कापड काढ. ही काच खाली पडते न? पाड." काच बॉनेटवर आडवी झाली, तसा टांगेवाला गल्लीत जाऊन उभा राहिला आणि असा ओरडला, की एवढा आवाज त्याच्याजवळ आहे हे मला माहीतच नव्हतं. "माय, ताणा उचला वं! भिंतीले नका लावू, डोक्यावर घ्या!"

त्याचा आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा. दारादारांतून माणसं निघाली. बायका, म्हातारे, सगळ्यांनी दोन्ही हात वर करून ताणा डोक्यावर धरला. खाली जीप मुंगीच्या पावलांनी सरकत होती, ड्रायव्हर स्टिअरिंगवर ओणवा झालेला, आणि टांगेवाला तिच्यापुढे उलटा चालत हाताने वाट दाखवत होता. "ये, ये. जरा डावीकडे. बस." खळीचे थेंब आमच्या अंगावर पडत होते. काही धागे तुटले. तरी कोणी हात खाली घेतले नाहीत.

तिला जीपेत आडवी घालून आम्ही तशीच दवाखान्यात नेली. पोरगी झाली. दोघी वाचल्या.

संध्याकाळी मी त्याला दवाखान्याच्या आवारात गाठलं आणि फाडफाड बोलले. "काय केलंस हे? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडलास! आता काय सांगशील साहेबांना?"

"बाई, ते पोर आत ओरडून राहिली होती," तो म्हणाला. "मी का तिथं बिडी ओढत बसू?"

मी त्यालाच "चूप राह्य" म्हटलं आणि डोळे पुसले.

महिनाअखेरीस साहेब आले. "काय बाई, कोष्ट्यांच्या गल्लीत जाते की नाही जीप?" टांगेवाला दाराशीच उभा होता. "म्हणजे कसं आहे साहेब, ताणा पसरलेला असला की..." मी घोळ घालायला लागले.

"जाते साहेब," मागून तो म्हणाला. "मी होतो न तिथं."

साहेब खूश झाले. करार त्याच दिवशी पक्का झाला.

त्या संध्याकाळी मला घरी टांगेवाल्यानेच सोडलं. वाटेत मी एकदाही त्याला "जोरात हाक" म्हटलं नाही, घोडा हवा तसा चालला. दारापाशी त्याने माझी पेटी उतरवून पायरीवर ठेवली. मी कुलूप काढत, रोजच्या सवयीने, मागे न पाहताच म्हणाले, "उद्या लवकर ये गा. उशीर केलास तर पाहा."

त्याने लगाम हातात घेतला.

"उद्या मोटर येईल न, बाई."