गच्चीचा तह

तहबाई हे नाव मुलांनीच ठेवलं होतं. वीस वर्षं जहाज कंपनीच्या कचेरीत करार तपासून बाई या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला आल्या. तोही कोणाला, तर नर्सिंगच्या मुलींना आणि जमीन मोजणीच्या मुलांना! कायद्याशी या मंडळींचा संबंध पोलिसाने गाडी अडवली की येणार, तेवढाच.

प्राचार्यांना हा विषय पहिल्यापासून खुपत होता. "बाई, देशांच्या डोक्यावर पोलीस नाही, तुरुंग नाही. असला कायदा शिकून काय करायचं? पुढच्या सत्रात बंद," असं सांगून त्यांनी तशी नोटीसही लावली. या तासात बाईंचा जीव होता.

पण बाई हात टेकणाऱ्यातल्या नव्हत्या. कॉलेजची गच्ची एकच. मुली तिथे गणवेश वाळत घालायच्या, मुलं तिथूनच दुर्बीण लावून मोजमाप घ्यायची, आणि फडफडता ॲप्रन नेमका भिंगापुढे यायचा. रोजची हमरीतुमरी. बाईंनी दोन्ही वर्गांना दोन देश ठरवलं आणि तहाला बसवलं. तीन तास नुसती घासाघीस. शेवटी ठरलं: मंगळवारी गच्ची मुलांची, बाकी दिवस मुलींची; हॉस्पिटलच्या वॉर्डात साथ असेल तर मंगळवारीही मुलींना कपडे वाळत घालायची सूट, पण आदल्या दिवशी कळवून.

पहिल्याच मंगळवारी दोऱ्या कपड्यांनी भरलेल्या! आरडाओरडा ऐकून प्राचार्य तावातावाने जिना चढले. मागोमाग बाई. आपला विषय आता संपला, असंच त्यांना वाटलं.

वर भांडण जोरात होतं, पण तह गेला खड्ड्यात असं कोणीच म्हणत नव्हतं.

"वॉर्डात जुलाबाचे नऊ पेशंट आलेत. आम्हाला सूट आहे," मुलींची पुढारी म्हणाली.

"आहे ना. पण काल कळवलंत का?" मोजणीतल्या एका उंचाड्याने विचारलं.

ती मैत्रिणींशी कुजबुजली. "नाही कळवलं. चुकलं आमचं. बदल्यात गुरुवार घ्या."

"सर, देशही असंच करतात," बाई हळूच म्हणाल्या. "तह मोडणारासुद्धा आपल्या बाजूचं कलम शोधतो. कारण गच्ची उद्या त्यालाही लागणारच असते."

प्राचार्य घुटमळले. "ऑफिसच्या फायलींना वाळवी लागलीये. बुधवारी इथे उन्हात टाकू का?"

"मला काय विचारता? या दोघांना विचारा."

दोन्ही देशांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चालेल, सर. फक्त बाईंचा विषय बंद करायची ती नोटीस मागे घ्यायची," पुढारी म्हणाली.

प्राचार्यांनी कठड्यावर तहाचा कागद ठेवून ही दोन्ही कलमं त्यात लिहिली आणि तिथेच सही केली.